जुन्या कचेरीची शिवारफेरी

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवारफेरी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला नवी नाही. खरिपाची पिके उभी असताना विद्यापीठ आपली प्रक्षेत्रे शेतकऱ्यांसाठी खुली करते. गावोगावचे लोक येतात, नाव नोंदवतात आणि ठरलेल्या वाटेने एकेक प्लॉट पाहत जातात. त्या वाणावर काम करणारा शास्त्रज्ञच बांधावर उभा राहून माहिती देतो. कोणी कपाशीचे बोंड दाबून पाहतो, कोणी तुरीवरच्या मर रोगाचे विचारतो. भाषण कमी आणि पाहणे जास्त, अशी ही रीत आहे.

ही रीत शेतीपुरतीच राहिली. ज्या कचेऱ्या, कॉलेजे, न्यायालये आणि नगरभवनांतून वऱ्हाडचा गेल्या दीडशे वर्षांचा कारभार चालला, त्यांच्या आत लोक जातात ते दाखला काढायला, तारखेला हजर राहायला किंवा परीक्षेला बसायला. इमारत पाहायला या, असे त्यांना कोणी म्हणत नाही. वर्षातून एक दिवस तसे म्हणावे आणि ते नीट निभवावे, यासाठी काय काय करावे लागते, ते या लेखात सांगितले आहे.

इतरांनी कसे केले

फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्रालयाने १९८४ साली ऐतिहासिक वास्तूंसाठी ‘उघड्या दारांचा दिवस’ सुरू केला. पुढल्याच वर्षी युरोप परिषदेच्या व्यासपीठावर ही कल्पना इतर देशांपुढे मांडली गेली. लंडनमध्ये १९९२ पासून ‘ओपन हाऊस’ भरते. एरवी बंद असलेल्या इमारती त्या दिवसांत फुकट पाहायला मिळतात आणि दारापुढे रांगा लागतात.

महाराष्ट्रातले सर्वांत जवळचे उदाहरण मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाचे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली आणि १८९३ साली पूर्ण झालेली ही इमारत आजही महापालिकेचे रोजचे कामाचे ठिकाण आहे. जानेवारी २०२१ मध्ये महापालिका आणि राज्याचे पर्यटन विकास महामंडळ यांनी तिथे वारसा फेरी सुरू केली. त्यासाठी शनिवार-रविवार हे सुटीचे दिवस निवडले. लोकांच्या छोट्या तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीबरोबर माहितगार दिला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीतही अशी फेरी सुरू झाली. प्रजासत्ताक दिनापासून पुण्याच्या येरवडा कारागृहात ‘जेल पर्यटन’ही त्याच वर्षी सुरू झाले होते. जिथे कडक पहारा असतो ती तुरुंगाची इमारत लोकांना दाखवता येते, तर तहसील कचेरी दाखवायला हरकत नसावी.

आयोजकांनी या उदाहरणांतून घेण्याजोगे तेवढे घ्यावे. मुंबईचा खर्च किंवा मुंबईची गर्दी वऱ्हाडात आणायची नाही. सुटीचा दिवस, लहान तुकडी आणि बरोबर जाणकार माणूस, एवढे घेतले तरी पुरे.

काय उघडता येईल

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. कापसाचा पैसा, रेल्वे आणि नवे सरकार या तिन्हींमधून कचेऱ्या, शाळा, दवाखाने आणि बाजार उभे राहिले. पुढे १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. अमरावतीचे इर्विन आणि डफरीन दवाखाने आजही गव्हर्नर जनरलांच्या घराण्यांची नावे वागवतात. रोज ही नावे घेणाऱ्या रिक्षावाल्याला त्यामागची हकीकत कोणी सांगितलेली नसते.

पहिल्याच वर्षी मोडकळीला आलेली वास्तू निवडू नये. वापरात असलेली, छत शाबूत असलेली आणि मालकी स्पष्ट असलेली इमारत बरी. या कसोटीला कॉलेज सर्वांत सोपे उतरते. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था म्हणजे १९२३ साली सुरू झालेले किंग एडवर्ड कॉलेज. तिथे मोठे आवार आहे, मनुष्यबळ म्हणून विद्यार्थी आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे माजी विद्यार्थी शहरात आहेत. चालू दवाखाना मात्र कितीही जुना असला तरी आतून दाखवण्याच्या यादीत धरू नये. रुग्णाच्या खाटेजवळून सहल नेणे कोणालाच शोभत नाही. त्याची कथा फाटकाबाहेर उभे राहून सांगता येते.

आत जाणे धोक्याचे असेल तर इमारतीची बाहेरची बाजू दाखवावी. अमरावतीचा परकोट त्यासाठी तयारच आहे. पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या सरकारने १८०७ साली त्याचे बांधकाम सुरू केले. वीस ते सव्वीस फूट उंच, सव्वादोन मैल घेराची भिंत, पाच दरवाजे आणि चार खिडक्या, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. एका खिडकीचे नाव ‘खुनारी’. १८१८ साली तिच्याजवळ झालेल्या मारामारीत सातशे माणसे मेली म्हणून हे नाव पडले, असे तिथेच म्हटले आहे. अंबा गेट, जवाहर गेट ही नावे अमरावतीकर रोज घेतो, पण दरवाजे सलग पायी पाहिलेले फार थोडे.

परवानगी आणि ‘नाझर’

वास्तू कोणाची, हे आधी शोधावे. जिल्हाधिकारी कार्यालयासाठी जिल्हाधिकारी, महापालिकेच्या इमारतीसाठी आयुक्त, न्यायालयासाठी प्रमुख जिल्हा न्यायाधीश आणि सरकारी कॉलेजासाठी संस्थेचे प्रमुख यांच्याकडे अर्ज जातो. वास्तू राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची आणि केंद्र संरक्षित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी लागते. नरनाळा किंवा गाविलगडासारख्या ठिकाणी वनखात्यालाही विचारावे लागते, कारण हे किल्ले अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात.

अर्ज एका पानाचा असावा. त्यात तारीख, वेळ, किती लोक येतील, कोणत्या खोल्या दाखवणार, कोणत्या बंद ठेवणार आणि नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लिहावे. ‘इमारत पाहू द्यावी’ एवढ्या मोघम विनंतीला कोणताही अधिकारी होकार देत नाही, आणि त्यात त्याचे चुकत नाही. बंद ठेवायच्या खोल्यांची यादी आपण होऊन दिली की अर्धी बोलणी तिथेच संपतात.

सही साहेबांची असली तरी दिवस पार पाडतो तो नाझर. महसूल आणि न्यायालयाच्या कचेऱ्यांत किल्ल्या, फर्निचर, साफसफाई आणि शिपायांच्या पाळ्या त्याच्याच हाती असतात. त्याला पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्यावे. कोणत्या खोलीचे कुलूप दहा वर्षांत उघडलेले नाही, कोणत्या जिन्याची तिसरी पायरी हलते आणि माळ्यावर काय पडले आहे, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. शिवाय त्याच्या कपाटात जडसंग्रह नोंदवही असते. कार्यालयाच्या टिकाऊ वस्तूंचे हे रजिस्टर. वस्तूचे वर्णन, नग, खरेदीची तारीख आणि किंमत, आणि वस्तू बाद झाली असल्यास निर्लेखनाचा शेरा, असे रकाने त्यात असतात. भिंतीवरचे घड्याळ कधी आले, दालनातले सागवानी टेबल किती रुपयांना घेतले, हे त्यात सापडू शकते. जुन्या नोंदी टिकून असतील तर त्या पानाची प्रत वस्तूशेजारी लावावी. टेबलाची त्या काळची किंमत वाचायला माणसे जेवढी थांबतात तेवढी स्थापत्यशैलीच्या फलकापाशी थांबत नाहीत.

दिवस कोणता धरावा

१८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. मुंबई-पुण्याला तो सोयीचा असेल, पण वऱ्हाडात एप्रिलच्या मध्यावर दुपारी रस्ते ओस पडतात. मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हाच्या तडाख्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचे कलम लावावे लागले होते. अशा मुलखात उन्हाळ्यात लोकांना रांगेत उभे करू नये. १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह इथे चांगला. पाऊस संपलेला असतो, ऊन सोसवते आणि दिवाळी बहुतेक आटोपलेली असते. कापूस वेचणीचे दिवस असल्याने खेड्यातली मंडळी मजुरांत आणि शेतात अडकलेली असतात, ही अडचण मात्र खरी. त्यांना बोलवायचे असेल तर जानेवारीचा शेवट धरावा.

राज्य शासनाच्या बहुतेक कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. त्यामुळे शनिवारी कचेरी रिकामी असते आणि शाळा-कॉलेजांची मुले मदतीला मिळू शकतात. म्हणून शनिवार निवडावा. रविवार राखून ठेवावा, म्हणजे आवराआवर करून सोमवारी सकाळी कार्यालय पूर्ववत चालू होते.

दोन गोष्टी कॅलेंडरवर आधी तपासाव्यात. पहिली, निवडणुकीची आचारसंहिता. ती लागू झाली की सरकारी इमारतीतल्या कार्यक्रमाची परवानगी लटकते. दुसरी, शहरातली मोठी गर्दी. अमरावतीत नवरात्रात अंबादेवी-एकवीरेच्या दर्शनाला आणि २० डिसेंबरच्या सुमारास गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला माणसे लोटतात. त्या दिवसांत पोलिसांकडे जास्तीचा एक शिपाईही मागू नये.

वाट आखणे

संपूर्ण इमारत दाखवण्याचा मोह टाळावा. पाच थांबे पुरतात. दर्शनी भाग, प्रवेशाचा व्हरांडा, मुख्य सभागृह किंवा न्यायदालन, एखादी कामाची खोली आणि शेवटी आवार. येण्याचे दार एक आणि जाण्याचे दुसरे ठेवावे. दोन्हींसाठी एकच दार असेल तर दारात कोंडी होते आणि माहिती सांगणाऱ्याचा आवाज त्यात बुडतो.

आकडेमोड कागदावर करून पाहावी. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटे आणि चालायला पंधरा, म्हणजे एक फेरी चाळीस मिनिटांची. दर पंधरा मिनिटांनी पंचवीस जणांची तुकडी सोडली तर एका वेळी आत जास्तीत जास्त तीन तुकड्या, म्हणजे पंच्याहत्तर माणसे असतील. सकाळी दहाला पहिली आणि पावणेचारला शेवटची तुकडी सोडली तर दिवसभरात चोवीस तुकड्या होतात, सहाशे माणसे. यासाठी माहिती सांगणारे तिघे पुरत नाहीत. पाणी प्यायला, जेवायला आणि घसा सावरायला वेळ हवा, म्हणून सहा जण तयार ठेवावेत. सहाशेपेक्षा जास्त लोक येतील असे वाटले तर तुकडी वाढवू नये. दुसरा दिवस ठेवावा, नाहीतर आगाऊ नोंदणी घ्यावी.

जुनी लाकडी पाटणी, सज्जा आणि जिना यांच्याबाबत अंदाजाने चालू नये. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी आणि एका वेळी वर किती माणसे चालतील ते लेखी घ्यावे. ‘रोज साहेब बसतात की वर’ हा युक्तिवाद कामाचा नाही. रोज वर चौघे बसतात, त्या दिवशी पंचवीस जण एकाच खिडकीपाशी गोळा होणार असतात. लेखी आकडा मिळाला नाही तर वरचा मजला बंद ठेवावा.

मधमाश्या, तारा आणि पाणी

विदर्भातल्या उंच जुन्या इमारतींचा एक शत्रू पाहणीच्या यादीत हमखास सुटतो, तो म्हणजे आग्या मोहोळ. छज्ज्याखाली, घुमटाच्या कडेला किंवा उंच कमानीत ते असते आणि कचेरीतल्या लोकांना त्याची सवय झालेली असते. त्या दिवशी ढोल वाजला, फटाका फुटला किंवा ड्रोन उडाला की माश्या उठतात आणि पळापळ होते. पंधरा दिवस आधी इमारतीला बाहेरून पूर्ण फेरी मारून वर पाहावे. मोहोळ असेल तर ती बाजू वाटेतून वगळावी आणि जाणकाराला बोलवावे. धूर करून स्वतः उठवायला जाऊ नये. ढोलताशा, फटाके आणि ड्रोन यांना मोहोळ असो वा नसो, फाटा द्यावा.

विजेची जुनी वायरिंग दुसरी काळजी. सजावटीच्या माळा आणि मोठे स्पीकर जुन्या बोर्डाला जोडू नयेत. माहिती सांगायला बॅटरीवरचा छोटा माईक पुरतो. दिवे लावून उद्घाटन करायचे तर ते आवारात करावे. अभिलेख कक्षाच्या आसपास समई, उदबत्ती, स्वयंपाकाचा गॅस यांपैकी काहीही नको. अग्निशमन दलाला दिवस कळवावा, अग्निशामक नळकांड्यांवरची मुदत पाहावी आणि १०८ ची रुग्णवाहिका फाटकातून आत येऊ शकते का, हे गाडी आणून तपासावे. बऱ्याच जुन्या फाटकांच्या कमानी बग्गीच्या मापाच्या असतात.

पिण्याचे पाणी रांगेच्या तोंडाशी ठेवावे, शेवटाला नाही. बायकांसाठी वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह नसेल तर फिरते मागवावे. जुन्या कचेऱ्यांचे जोते उंच असते आणि पायऱ्या बऱ्याच. चाकाच्या खुर्चीसाठी तात्पुरता लाकडी उतार करावा. तो शक्य नसेल तर तळमजल्यावरच वरच्या दालनाची छायाचित्रे मांडावीत आणि तिथे एक माहितगार बसवावा. स्वच्छतेबद्दल जास्त सांगायला नको. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात झाडू हातात घ्यायला कोणी लाजत नाही. फक्त दगडी खांबांना आणि कोरीव लाकडाला आदल्या दिवशी ऑइलपेंट फासू नये. दगड, चुना आणि सागवान मूळ रंगातच दिसू द्यावेत. कोरड्या कापडाने पुसले तरी पुरे.

काम चालू असलेल्या कचेरीत आणखी एक दक्षता लागते. टेबलांवरच्या फाइलींत लोकांची नावे, जमिनी, वाद आणि आजार असतात. शुक्रवारी संध्याकाळी सर्व फाइली कपाटात जाव्यात, संगणक बंद व्हावेत आणि फलकावरची नावांची यादी झाकली जावी. हे तपासायला त्या शाखेचा एक कर्मचारी नेमावा.

काय सांगावे, कोणी सांगावे

माहितीसाठी तीन ठिकाणी जावे. पहिले ठिकाण म्हणजे गॅझेटियर. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० चे, अकोला जिल्ह्याचे १९१० चे आणि अमरावतीचे १९११ चे. यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ जोडीला घ्यावा. दुसरे, सार्वजनिक बांधकाम विभागाकडचे नकाशे आणि दुरुस्तीच्या नोंदी. तिसरे, निवृत्त माणसे. तीस वर्षे त्याच व्हरांड्यात बसलेला शिपाई, टंकलेखक किंवा ग्रंथपाल जे सांगतो ते कोणत्याही कागदावर नसते. शिवारफेरीत शास्त्रज्ञ बांधावर उभा असतो, तसा हा माणूस आपल्या जुन्या टेबलापाशी उभा करावा.

मात्र ऐकीव आणि लेखी यांची गल्लत करू नये. अकोल्याचा असदगड हे त्याचे बोलके उदाहरण. दहीहांडा वेशीवरचा लेख औरंगजेबाच्या काळातला असून त्यात असदखान या वजिराचा उल्लेख आहे. किल्ल्याचे नावही त्याच्यावरूनच पडले. अगरवेशीवरचा मराठी लेख मात्र १८४३ साली गोविंद अप्पाजींनी किल्ला बांधल्याचे सांगतो. पहिल्या लेखापुढे दुसऱ्याचे म्हणणे टिकत नाही. किल्ला १८४३ चा असणे शक्यच नाही. पुढे १८७० च्या सुमारास इंग्रजांनी तटबंदी उतरवली आणि १९१० च्या गॅझेटियरनुसार मधल्या हवाखान्यात शाळा भरत होती. माहिती सांगणाऱ्याने दोन्ही लेख दाखवावेत आणि कोणता का खरा मानतात ते सांगावे. विसंगती झाकली तर जाणकार पाहुणा नाराज होतो. उघड मांडली तर आठवीतले पोरगेही प्रश्न विचारू लागते.

फारसी लेख वाचायला माणूस बाहेरून आणावा लागत नाही. अकोला-अमरावतीत उर्दू शाळांची मोठी परंपरा आहे. तिथल्या जाणत्या शिक्षकांना आधी विचारावे. एखादी फेरी उर्दूत आणि एखादी हिंदीतही ठेवावी. माहिती देताना वऱ्हाडी बोलीचा संकोच करू नये. ‘हे लाकूड कुठचं होय?’ असे कोणी विचारले तर उत्तरही त्याच बोलीत गेले पाहिजे.

प्रत्येक थांब्याला एकच गोष्ट ठेवावी आणि ती त्या जागेला चिकटलेली असावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या फेरीत लोक ज्या दालनापाशी रेंगाळतात तिथे १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला होता. त्याच खटल्याच्या शिक्षेविरुद्ध दाद मागायला विलायतेला गेलेले दादासाहेब खापर्डे अमरावतीचे. १८९७ साली अमरावतीला सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे तेरावे अधिवेशन भरले, त्याचे स्वागताध्यक्षही खापर्डेच. अमरावतीत वकिली आणि न्यायालयाशी संबंधित कोणतीही जुनी वास्तू दाखवताना हा धागा हाताशी ठेवावा. पण खापर्डे त्या खोलीत वावरल्याचा कागद नसेल तर त्यांना तिथे बसवू नये.

स्वयंसेवकांसाठी राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी उत्तम. त्यांना दोन तालमी द्याव्यात. पहिली रिकाम्या इमारतीत, दुसरी खऱ्या पाहुण्यांसह. दुसरीला कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलवावे. कित्येकांच्या बायकामुलांनी ते कार्यालय आतून पाहिलेलेच नसते. या तालमीत वेळ चुकतो, रांग तुटते, एखादा जिना अडतो आणि सगळे तिथल्या तिथे दुरुस्त करता येते.

त्या दिवशी

व्यासपीठ, हार, सत्कार आणि तासभराची भाषणे यांना त्या दिवशी जागा देऊ नये. पाहुण्यांचे स्वागत हवेच असेल तर त्यांना दहाच्या पहिल्या तुकडीत, इतरांसारखेच रांगेतून न्यावे. दालनाची खुर्ची लोकांना खुली ठेवावी की नाही, हे आधी ठरवावे. न्यायाधीशाच्या किंवा जिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून फोटो काढायचा सगळ्यांनाच मोह होतो. वादाला जागा नको असेल तर दोरी बांधून ती खुर्ची अलग ठेवावी आणि फोटोसाठी बाजूला साधी बाकडी मांडावी. आतल्या फोटोंबद्दलचा नियम दाराशीच मोठ्या अक्षरांत लिहावा.

आवारात एक टेबल ‘जुने फोटो आणा’ म्हणून मांडावे. घरातल्या पेटीत आजोबांचा कचेरीतला गट-फोटो, नेमणुकीचा कागद किंवा कॉलेजचे मासिक असते. ते तिथेच स्कॅन करून मूळ प्रत लगेच परत द्यावी, आणि छापायची किंवा दाखवायची लेखी संमती घ्यावी. फोटोमागे पेनाने लिहिलेली नावेही स्कॅन करावीत, बऱ्याचदा तीच पुढे उपयोगी पडतात.

शेवटची तुकडी बाहेर पडल्यावर नाझर, अभियंता आणि आयोजक यांनी मिळून सर्व खोल्या फिराव्यात. काय तुटले, काय हरवले, कुठे कोंडी झाली, लोकांनी वारंवार काय विचारले, याचा एक पानी अहवाल करून सोमवारी कार्यालयप्रमुखाच्या हाती द्यावा. त्यात दुरुस्तीला आलेल्या भागांचे फोटो घालावेत. गळणारे कौल किंवा चिरलेली कमान सहाशे माणसांनी पाहिलेली असली की तिच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मांडायला बळ येते. पुढच्या वर्षीची परवानगीही या अहवालावरच ठरते.

अमरावती आणि अकोल्यात हे करायला मोठी संस्था लागत नाही. एखादे वाचनालय, माजी विद्यार्थी संघ, वकील संघ किंवा आठ-दहा जणांचा गट पुरतो. मात्र अर्जाचा प्रवास, बांधकाम विभागाची पाहणी, कागद शोधणे आणि तालमी यांना चार-पाच महिने लागतातच. नोव्हेंबरातला शनिवार साधायचा असेल तर अर्ज जूनमध्येच द्यावा. आणि अर्ज देण्याआधी, आपण निवडलेल्या इमारतीच्या नाझराला जाऊन भेटावे.